जपानी प्रेसिंगमधला दोष

२ मार्च, रविवार. सकाळी ९.१५
रिटायर होऊन वर्ष झालं. आजपासून रोजनिशी. रोज एक एलपी पूर्ण ऐकायची, त्यावर दहा ओळी लिहायच्या. एकूण दोनशे बारा रेकॉर्डी. जॅझ सगळ्यात जास्त, मग हिपहॉप, थोडं सोलफुल हाऊस. अख्ख्या मनीषनगरात असं कलेक्शन दुसऱ्याकडे नाही. पहिली रेकॉर्ड आमच्या वीज प्लांटवर आलेल्या एका परदेशी इंजिनियरनं जाताना दिली होती. म्हणाला, ताराचंद, तुला कान आहे. खरंच होतं ते. एकतीस वर्षं टर्बाइन हॉलमध्ये काढली. बाकीचे कानात प्लग घालून फिरायचे, मी कधीच घातले नाहीत. बेअरिंग बिघडायला लागलं की सगळ्यात आधी मलाच कळायचं.

५ मार्च
चार महिने वाट पाहिलेली जपानी प्रेसिंग, म्हणजे जपानात छापलेली रेकॉर्ड, आली. जॅझ ट्रिओ. कव्हर बघूनच बायकोला, देवकीला हाक मारली. तिला कव्हरमध्ये काही दिसलं नाही.
लावली. पियानो ठीक. बेस उत्तम. हाय-हॅट गायब! ड्रमवाल्याच्या त्या दोन थाळ्या एकमेकींवर चिक-चिक करतात, तो तर जॅझचा श्वास. जपानी लोकांकडून ही अपेक्षा नव्हती. विकणाऱ्याला कडक ईमेल टाकला.

६ मार्च
जुन्या रेकॉर्डीतही हाय-हॅट नाही. म्हणजे प्रेसिंगचा दोष नाही. सुईचा आहे. नवी सुई मागवली. जपानी माणसाला सॉरीचा ईमेल उद्या.

१९ मार्च
नवी सुईही खराब निघाली.
कामठीचा विक्की आला होता. मोबाईलचं दुकान आहे त्याचं, हिपहॉप जमवतो. त्याला जपानी रेकॉर्ड ऐकवली. म्हणाला, "काका, चिक-चिक तं मस्त वाजून राहिली ना." हिपहॉपवाल्यांना तिची सवय असते. नसली तरी ऐकू येते.

२७ मार्च
मागच्या कडुनिंबावर या वर्षी कोकिळा आलीच नाही. चिमण्यापण नाहीत. सिमेंटचे रस्ते केले, झाडं तोडली, दुसरं काय होणार. पेपरला पत्र लिहायचं ठरवलं.
देवकी म्हणाली होती, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. शिटी झालीच नाही. वासावरून उठलो तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, डाळीचा कोळसा. शिटी बदलून आणली. आजकाल एक वस्तू धड मिळत नाही.

३ एप्रिल
देवकी पुटपुटायला लागली आहे. वयानं होतं असं. तिला म्हटलं, जरा स्पष्ट बोलत जा. ती म्हणाली, "काहून ओरडून राहिले? बाजूलेच तं बसली आहो मी."
मी ओरडत नव्हतो.

१४ एप्रिल, जयंती
संविधान चौकात गेलो होतो दोघं. निळा समुद्र. यंदा डीजे फार शिस्तीत. स्पीकरच्या एवढाल्या भिंती उभ्या केल्या होत्या आणि आवाज कसा अगदी मापात. पोलिसांनी दम दिलेला दिसतो. पोटात धडधडत मात्र होतं. देवकीनं कानात कापूस घातला होता. एवढ्या आवाजाला कापूस! सणाचा दिवस म्हणून सोडून दिलं.
येताना रस्ता ओलांडत होतो तर एक ट्रक पाठ घासून गेला. शर्टाला काळा पट्टा. ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत होता. हॉर्न न वाजवता चालवायचा आणि वर दादागिरी. देवकी घरी येईपर्यंत माझं मनगट धरून होती.

२० एप्रिल, रविवार. दुपार
आज श्रवणसत्र ठेवलं. इतवारीचे भैय्याजी आले. सत्तरीचे आहेत, शहरातले सगळ्यात जुने रेकॉर्डवाले. विक्कीपण आला. मी जपानी ट्रिओ लावली. हाय-हॅट निघावी म्हणून आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवला. काय रंगलं सत्र! पहिल्याच सोलोला भैय्याजींनी दोन्ही कानांना हात लावले. उस्तादाचं नाव घेताना लावतात तसे. आणि काढलेच नाहीत. विक्की डोकं गुडघ्यांत घालून बसला, पार बुडून गेला होता. शोकेसची काच तडकली. उन्हाळ्यात तडकते.
पहिली बाजू संपताच भैय्याजी उठले. डोळ्यांत पाणी. माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलले. माझंही मन भरून आलं होतं, शब्दांकडे लक्ष नव्हतं.
यापुढे सत्र दर महिन्याला.

२२ एप्रिल
खालच्या शोभाताई येऊन गेल्या. आवाजाची तक्रार. कलेची जाण नाही. शेजारधर्म म्हणून हेडफोन आणायचं ठरवलं.
देवकी म्हणते, एकदा कान दाखवून या. तिला पद्धत समजावून सांगितली. सुई झाली. आता ॲम्प्लिफायर, मग वायरी, मग स्पीकर. सगळ्यात शेवटी कान. क्रमानं जावं लागतं.

६ मे
लेक मिनल आली अमरावतीहून, नंदिनीला घेऊन. नात दहा महिन्यांची झाली. फार शांत पोर. तोंड एवढं उघडून रडते, पण आवाज म्हणून नाही. मिनलला म्हटलं, किती गुणी आहे. तिनं देवकीकडे पाहिलं.

९ मे, शुक्रवार. संध्याकाळी ७
मायलेकी चार वाजता सीताबर्डीला गेल्या. नंदिनी आतल्या खोलीत झोपलेली. मिनल तीनदा म्हणाली, "बाबा, लक्ष ठेवजा." मी म्हटलं, अख्खं टर्बाइन सांभाळलं, ही तर दहा किलोची नसेल.
सोलफुल हाऊसची डबल एलपी काढली. हेडफोनवर ऐकत होतो. मधलं दार उघडंच होतं.
मिनलचा हात पाठीवर पडला तेव्हा कळलं. देवकीकडची किल्ली लावून आत आल्या होत्या. नंदिनी दिवाण आणि भिंतीच्या फटीत अडकली होती. खाली तोंड, एक पाय वर. काळीनिळी. शोभाताई अर्धा तास आमचं दार बडवत होत्या. रडणं त्यांना खालच्या मजल्यावर ऐकू आलं. मग त्यांनीच फोन केला.
डॉक्टर म्हणाले ठीक आहे. कपाळावर टेंगूळ. आणखी थोडा वेळ गेला असता तर, असं काहीतरी म्हणाले. पुढचं देवकीनं मला सांगितलं नाही.
मी सगळ्यांना सांगितलं, हेडफोन लावले होते. कोणालाच ऐकू आलं नसतं.

१० मे
मिनल सकाळच्याच बसनं गेली. बसमध्ये चढताना काहीतरी बोलली. ओठांवरून कळलं, "पाच पावलांवर होते तुम्ही, बाबा."
काल हेडफोन लावलेले नव्हते. गळ्यात होते. मी ब्रशनं रेकॉर्ड पुसत होतो. खोलीत काहीच वाजत नव्हतं.
हे फक्त इथे लिहितो.

१३ मे, मंगळवार. दुपारी १२.४०
आज कान दाखवले. देवकी सोबत. तिचं समाधान व्हावं म्हणूनच गेलो. एकदा रिपोर्ट हातात आला की विषय संपेल, ॲम्प्लिफायरकडे वळता येईल.
काचेच्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावले. मेघा मॅडम म्हणून तरुण मुलगी आहे. तिनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: आवाज आला की बटन दाबा. मी म्हटलं, मॅडम, तोंडी सांगा, येतं ऐकू.
सुरुवातीला जाडे घुमणारे आवाज आले. धडाधड दाबलं, एकही सोडला नाही. मॅडमनं मान हलवली. मी काचेतून देवकीकडे पाहून अंगठा दाखवला. मग थोडा वेळ काही नाही. मशीन बदलत असतील. मी ताठ बसलो, अंगठा बटनावर. मॅडम खाली मान घालून एक चकती फिरवत होत्या, कागदावर खुणा करत होत्या. तयारी चालली होती. मी वाट पाहिली. देवकी बाहेर उभी, नजर माझ्या अंगठ्यावर. अंगठ्याला घाम आला, पुसला, परत ठेवला.
बऱ्याच वेळानं मॅडमनं दार उघडलं आणि माझे हेडफोन काढले. मी म्हटलं, मॅडम, बारीक आवाजांची टेस्ट राहिली. कधी सुरू करता?
तिनं देवकीकडे पाहिलं. मग कागद उलटा करून लिहिलं: इतका वेळ तीच चालू होती, काका.