आत्याच्या ‘येते’पायी अडलेलं नाटक

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार समजून घे. इथे सलूनच्या जमिनीवर दुपारभराच्या केसांचा सडा पडलाय, म्हणून उभ्यानेच करते. तुझे गुडघे काय म्हणतात? मी मजेत आहे. आता मुद्द्याचं. आमच्या नाटकाचा पार विचका झाला आणि त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

नाटक आम्ही सलूनमधल्याच तिघींनी बसवलं होतं. तिघी तीन देशांतून आलेल्या, तिघींची इथली भाषा तीन ठिकाणी मोडलेली (भांडताना मात्र अस्खलित). लिहिलं कुरळीने. ती केस रंगवते, आणि रंग मुरेपर्यंत गिऱ्हाइकाला हलता येत नाही, त्यामुळे तिला ऐकणारे आयते मिळाले. गोष्ट आमच्याच दुकानाची. खडूस मालकीण, आणि एक दिवस तिला चार शब्द सुनावून दार आपटून निघून जाणारी कामगार. ती कामगार मी. हे काम कुरळीने मला मुद्दाम दिलं. कोपऱ्यावरचा गाळा घेऊन मी स्वतःचं दुकान काढणार आहे, आणि हे मालकीणबाईंना सांगायला आठ महिने माझी जीभ रेटत नव्हती. (पहिल्याच दिवशी मी एका बाईंची अख्खी भुवई उडवली होती, तेव्हा मालकीणबाईंनीच मला पाठीशी घातलं. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?) नाटकात एकदा म्हटलंस की खऱ्यातही जमेल, असं कुरळीचं म्हणणं.

प्रयोगाला मालकीणबाई पहिल्या रांगेत. मी खोट्या मालकिणीला (म्हणजे आमच्या शांपूवालीला, पोटाला उशी बांधून) हवं तेवढं सुनावलं, एप्रन फेकला, दाराशी गेले आणि तोंडातून निघालं, ‘येते.’ अगं, लहानपणी ‘जाते’ म्हटलं की तू पाठीत धपाटा घालायचीस आणि दारातून परत बोलावून ‘येते’ म्हणायला लावायचीस. त्या धपाट्यांनी घात केला. म्हटलं मी इथल्याच भाषेत, आणि इथे येते म्हणजे खरोखरच परत येते. सगळे प्रेक्षक दाराकडे बघत बसले. शांपूवालीला पुढे धाय मोकलून रडायचं होतं, पण जी परत येणार तिच्यासाठी रडायचं कसं? तिने गिऱ्हाइकाचं (तीही कुरळीच) डोकं तीनदा धुतलं. शेवटी मी आत आले, विसरलेली कात्री उचलल्यासारखं केलं, ताठ मानेने दाराशी गेले, आणि पुन्हा ‘येते’. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरायला आले. तिसऱ्या खेपेला मी ‘जा’पर्यंत पोचले आणि तिथेच अडकले.

तेव्हा पहिल्या रांगेतून खऱ्या मालकीणबाई उठून म्हणाल्या, “अगं, जायचंय ना तुला? मग जा की एकदाची. मी काय तुला खाणार आहे?”

सगळं सभागृह हसलं, पण त्यांचे डोळे भरले होते ते मला दिसलं. गाळ्याचं त्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. (कुरळीचं तोंड, दुसरं काय.) मी एप्रन उचलला, नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि निघाले. दार आपटायचं राहिलंच. बाहेर जाऊन पोटभर रडले, आणि आत्या, इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

तुझी,
आगाऊ भाची

ता. क. दुकान पुढच्या महिन्यात उघडतंय, तोवर मी मालकीणबाईंकडेच. खुर्च्या दोन घेतल्यात. माणूस मी एकटी.

ता. क. दोन. तुझ्यासारखी पाचपेडी वेणी इथे कोणालाही घालता येत नाही. सहा महिन्यांसाठी येशील का? पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, नाटक मध्येच आलं.

ता. क. तीन. तू येईपर्यंत दर सोमवारी दुसरी खुर्ची मालकीणबाई सांभाळणार म्हणतात; सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं. काल येऊन माझ्या आरशांच्या जागासुद्धा बदलून गेल्या. तेव्हा लवकर नीघ. त्यांना काम सांगायला माझी जीभ पुन्हा आठ महिने रेटायची नाही.