एका फोटोचे दोन उमेदवार

४ फेब्रुवारी १९८८

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. थोरला गेल्यापासून त्याची खासदारकीची जागा रिकामी होती. आता पोटनिवडणूक लागली आहे. त्याच्या पक्षाची माणसं सूनबाईंकडे आली. ती इस्पितळात एक्स-रे काढणारी, तिला कसलं राजकारण? दोनदा नाही म्हणाली. मग त्यांनी, साहेबांनी आणलेलं पाण्याचं काम बंद पडेल, असं सांगितलं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचे लोक आले आणि धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत बसले. तोही उभा राहतोय. वहिनीविरुद्ध. मी चहा कुणाला आधी द्यायचा, एवढंच बघत राहिले.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

११ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस शि. सा. न.

पत्र वाचून चष्म्याच्या दुकानात बसल्या बसल्या मलाच दिसेनासं झालं. गल्ल्यावर बसलेल्या हिने विचारलं तर नंबर वाढलाय म्हणालो.

धाकट्याशी बोललो. दादाची जागा घरातच राहिली पाहिजे, वहिनी आज आहे, उद्या माहेरी जाईल, असं म्हणाला. वर, मामा, तुम्ही काचा घासा, असंही. लहानपणी याला खांद्यावर घेऊन फिरलो, त्याचे पांग फेडले बघ. दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घाल, एवढंच मला सुचतं. यायचं म्हटलं तर हिचा पाय प्लॅस्टरमध्ये. जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

२ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

कडी कुणाला घालू? दोघं घरी थांबतात कुठे? ती आली की तो निघतो, मी एकाच जेवणाला दोनदा ताटं करते. दोघांच्या पोस्टरवर थोरल्याचा एकच फोटो आहे. माझ्या शिवणाच्या दुकानासमोरच्या भिंतीवर तो शेजारी शेजारी दोनदा हसतोय. शिवणयंत्रावरून मान वर करायची सोय राहिली नाही.

दोघांनाही मी व्यासपीठावर हवी आहे. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

परवा धाकट्याच्या सभेत त्याचा एक माणूस बोलला, की नवरा जीव सोडत होता तेव्हा बाईसाहेब घरी नव्हत्या. ती कामावर होती रे. दुसऱ्यांच्या पोरांची मोडलेली हाडं बघत होती. आणि धाकटा तिथेच खुर्चीत बसून होता, उठला नाही. रात्री तिने बॅग भरली. मी दारात उभी राहिले. ती म्हणाली, आई, बाजूला व्हा. मी झाले.

आपली माणसं सांभाळ,
ताई

२३ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

निकाल तुला कळलाच असेल. मतं दोघांत फुटली आणि तिसराच निवडून आला.

मी मतदानाला गेले होते. शाळेच्या फाटकापासून लांब, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोघं उभी होती. दोघंही माझ्याकडे बघत होती. आत पडद्यामागे गेले, पण शिक्का मारायला हात उचलेना. कोरीच चिठ्ठी घडी करून पेटीत टाकली.

निकालानंतर धाकटा तिच्या माहेरी माफी मागायला गेला. तिने दार उघडलं नाही. आता तो दिवसभर पडून असतो, विजेच्या तारा जोडायच्या कामालाही जात नाही. ती फोन उचलते, आई जेवलात का, एवढं विचारते आणि ठेवते.

नवीन खासदार नमस्कार करायला आला होता. माणूस वाईट नाही. थोरल्याबद्दल चांगलं बोलला. जाताना म्हणाला, शपथेच्या दिवशी घालायला सदरा तुम्हीच शिवून द्या, आशीर्वाद समजेन. कापड ठेवून गेला.

आज तो परत आला, त्याची मापं घेतली. उद्या कापायला बसेन.

तुझी,
ताई