डोंग्यात कंस नाहीत

बाबा,

हे तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण विचारायला तुम्ही नव्हता. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची दीड वर्षं मी तुमच्या आवाजात बोलते आहे. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, अशा लोकांशी. अकरा दिवसांपूर्वी त्याच आवाजात मी एका मुलीला काहीतरी बोलले. ती 'बरं बाबा' म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून ती आलेली नाही. ती कुठे राहते, तिचं खरं नाव काय, तिच्या घरी कोण आहे, यातलं मला काहीही माहीत नाही. ती जिवंत आहे की नाही हेही माहीत नाही. ऑफिसात माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं आहे. स्वतःची ही चूक मी पुन्हा पुन्हा उघडून बघते आहे आणि आता ती सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुम्हाला समजेल असं सांगते. कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात उतरतात. बरेचजण मारामारी करतात, पण काहीजण नुसते राहतात. म्हणजे कुणी लोहार होतं, कुणी सरपंच, कुणी चोर, आणि त्या माणसासारखंच वागायचं, त्याच्यासारखंच बोलायचं. याला रोलप्ले म्हणतात. आपल्याकडच्या दंडारीच्या खेळात एखादा बाप्या लुगडं नेसून उभा राहिला की दंडार संपेपर्यंत त्याला कुणी त्याच्या नावानं हाक मारत नाही, तसंच. त्या खेळात आम्ही चाळीसेक मराठी लोकांनी मिळून एक गाव वसवलं आहे. सगळं बोलणं टाइप करून. गावातून नदी जाते. आणि नदीवर एक म्हातारा नावाडी आहे, तो लोकांना फुकट पैलतीरी नेतो. तो नावाडी मी आहे. म्हणजे तुम्ही आहात.

तुम्हीही नावाडी होता, पण मी तुम्हाला डोंगा चालवताना कधीच पाहिलं नाही. वैनगंगेवर पूल झाला, डोंग्यात बसणारं कुणी उरलं नाही आणि तुम्ही आईला घेऊन पुण्याला आलात, त्यानंतर मी जन्मले. मी पाहिले ते विश्रांतवाडीत पाणी सोडणारे तुम्ही. खांद्यावर ती माझ्याहून उंच लोखंडी चावी, पायात रबरी चपला, आणि रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली गुडघाभर खोल खड्डा. एका सुट्टीत मी तुमच्याबरोबर आले होते. तुम्ही चावी खाली घातलीत आणि मला म्हणालात, "फिरव." ती हलेना. तुम्ही माझ्या हातांवर हात ठेवलेत, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर जमिनीखालून एक घरघर निघाली. खडकवासल्याचं पाणी आपण दोघांनी मिळून सोडलंय असं मला वाटलं. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एक काकू म्हणाल्या, "काय हो, आज दहा मिनिटं उशीर? धरण घरी नेलं होतंत का?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "नेलं होतं बाई. मावलं नाही, म्हनून आनलं वापस." काकू हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुमचं सगळं बोलणं असं होतं, एका ओळीचं.

नावाडी करायचं ठरलं तेव्हा मी काही विचार केला नव्हता. पहिल्याच दिवशी कुणीतरी डोंग्यात चढून विचारलं, आजोबा, भाडं किती? आणि माझी बोटं आपोआप लिहून गेली, "बस ना वं पोरी. पान्याले कुठं भाडं द्या लागते?" मी थांबले. टेबलावर हात ठेवून बसून राहिले. हे टेबल तुम्हीच जुन्या बाजारातून डोक्यावर आणलं होतंत, मी अकरावीत असताना. तुमच्या आवाजाची एकही टेप आपल्याकडे नाही, बाबा. फोटो दोन आहेत आणि दोन्हीत तुमचं तोंड मिटलेलं आहे. आणि नऊ वर्षांत मी विसरत चालले होते, खरंच विसरत होते, आणि आता तुम्ही माझ्या बोटांतून बोलत होता.

आईलाही कळलं. एका रविवारी ती मागे उभी राहून म्हणाली, "कोनासंग बोलून राहिली वं एवढी?" मी तिला नावाड्याची दोन वाक्यं वाचून दाखवली. तिनं निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "हे तं तुया बाबाचं बोलनं आहे." त्यानंतर दर रविवारी जेवताना ती विचारायची, "आज काय म्हटलं त्यानं?" आणि मी सांगायचे. आम्ही दोघी हसायचो. तुमच्याबद्दल आम्ही हसून बोलतोय असं कितीतरी वर्षांनी होत होतं.

आता कंसांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. खेळात आपण जे नुसतं लिहितो ते सोंगाचं बोलणं. मध्येच स्वतःचं काही सांगायचं असेल, म्हणजे दारावर कुणी आलं, लाईट गेली, परीक्षा आहे, तर ते दोन-दोन कंसांत लिहायचं. मग सगळ्यांना कळतं की आता लोहार नाही, लोहारामागचा माणूस बोलतोय. हा नियम सगळीकडे आहे. पण मला ते कंस आवडत नसत. कुणी डोंग्यात बसून आईच्या दुखण्याचं सांगतंय, सगळे गप्प होऊन वाचतायत, आणि मध्येच कंसात 'थांबा, कुकरची शिट्टी झाली'. मला वाटायचं, चोवीस तासांतला एक तास तरी माणसानं पूर्ण मनानं एका ठिकाणी असावं. मी गावाच्या फळ्यावर लिहिलं, 'डोंग्यात कंस नाहीत.' लोकांना ते फार आवडलं. बाकी गावात कंस, माझ्या डोंग्यात नाहीत. ज्याला बाहेरचं बोलायचंय त्यानं उतरून बोलावं. मला त्या नियमाचा अभिमान होता, बाबा. आपण काहीतरी चांगलं उभं केलंय असं वाटायचं.

ती मुलगी मीठ विकणारी होती. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन यायची, नावाड्याला चिमूटभर मीठ द्यायची आणि म्हणायची, "बाबा, तुमच्या नदीला चव नाही, टाका एवढं." नावाडी म्हणायचा, "तुया जिभेले हाय तेवढी पुरे." वर्षभर असं चाललं होतं. तिनं नियम कधीच मोडला नाही. तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ती कॉलेजात आहे, आणि तेही गावातल्या कुंभाराकडून, कारण त्याच्याशी ती कधी कधी कंसांत बोलायची. माझ्याशी कधीच नाही. माझ्याशी बोलायची सोय मीच ठेवली नव्हती.

त्या रविवारी दुपारी डोंग्यात तिघे बसलेले आहेत. ती येते. पाटी नावाड्यासमोर ठेवते आणि म्हणते, "ही तुम्हाला ठेवा बाबा. मला आता लागणार नाही." सकाळीच तिनं तिचं गावातलं घर कुंभाराला देऊन टाकलेलं असतं. डोंगा निघतो. मधोमध आल्यावर ती म्हणते, "बाबा, इथेच थांबवा ना. मला पलीकडे नाही जायचं आणि मागेही नाही जायचं. मी फार थकले." पडद्यावर काही हलत नाही. सगळे नावाड्याची वाट बघतायत. आणि नावाडी म्हणतो, "रडनं झालं असन तं उठ. पानी कोनासाठी थांबत नाही."

ती म्हणाली, "बरं बाबा." पैलतीरावर उतरली, थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग दिसेनाशी झाली. डोंग्यातल्या लोकांनी टाळ्या पाठवल्या. एकानं लिहिलं, "आजोबा, काय बोललात!" मी खूश झाले. ते वाक्य मी आईला जेवताना सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसची कॅब यायच्या आधी मी पाच मिनिटं खेळ उघडून बघितला, तर कुंभाराचा निरोप होता, दुहेरी कंसांत. मीठवालीचं काही कळलं का? तिनं घरचं खूप वाईट चाललंय म्हणून सांगितलं होतं, मेल करतोय तर उत्तर नाही. खराडीपर्यंतच्या रस्त्यात मी काय बघितलं ते मला आठवत नाही. ऑफिसात पोचल्यावर मी जिन्यात उभी राहून खेळ चालवणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे तिचा फक्त ईमेल आहे, बाकी काही नाही. आणि तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका. लोक कंटाळतात, सोडून जातात, आपोआप येतात." गावातल्या सगळ्यांसारखंच त्या बिचाऱ्यालाही वाटत होतं की नावाड्यामागे खराच एक म्हातारा आहे आणि मी त्याची मुलगी. म्हणाला, "आजोबांना सांगा, त्यांची काही चूक नाही." मी हो म्हटलं. सांगते म्हटलं.

त्या संध्याकाळी आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे वाक्य त्यानं तुले कवा म्हटलं होतं, आठवते का?" मला आठवत होतं. कॉलेजचं पहिलं वर्ष. सगळं इंग्रजीतून, मला एक अक्षर कळत नव्हतं, गणितात नापास झाले होते. पायरीवर बसून मी म्हणाले होते, मला नाही शिकायचं, आपल्यात कोण शिकलंय. आणि तुम्ही चावी खांद्यावर घेऊन उभे होता आणि ते बोललात. ते ऐकून मी उठले, शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, ही गोष्ट मी कितीजणांना सांगितली आहे. आई म्हणाली, "तू उठली नाही लवकर. त्यानं चावी भिताडाले लावली अन् तुयापाशी बसला. बोलला नाही काही. नुसता बसून होता. त्या दिवशी पाऊन तास पानी गेलं नाही खालच्या गल्लीत. दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याले सगळ्यांसमोर झापलं. तुले सांगितलं नाही त्यानं."

म्हणजे तुम्ही पाणी थांबवलं होतंत. तोंडानं ते म्हणालात आणि पाणी थांबवून बसलात. मी फक्त वाक्य उचललं, बाबा. बसणं माझ्या लक्षातच राहिलं नाही. वाक्य टाइप करता येतं. कुणाजवळ नुसतं बसायचं कसं ते मला टाइप करता आलं नसतं, की आलं असतं? डोंगा थांबवता आला असता. तेवढं तरी आलं असतं. एक कळ दाबायची होती.

मी फळ्यावर लिहून टाकलं आहे, सगळ्यांना दिसेल असं, की नावाडी म्हणून मी बोलते, मी अठ्ठावीस वर्षांची मुलगी आहे, पुण्यात राहते, आणि मीठवाली, तू हे वाचलंस तर मला फोन कर, कुठल्याही वेळी कर, काही बोलली नाहीस तरी चालेल. खाली नंबर दिला. तीनजणांनी लिहिलं की आमची फसवणूक झाली. ते बरोबर आहे. बऱ्याचजणांनी काहीच लिहिलं नाही. तिचा फोन आला नाही. अनोळखी नंबर दिसला की मी पहिल्याच रिंगला उचलते आणि तो क्रेडिट कार्डवाल्यांचा निघतो. मीटिंगमध्येही फोन उलटा ठेवत नाही म्हणून मॅनेजर म्हणाले, "अहो, लग्न ठरतंय का तुमचं?" मी हसले. रोज सकाळी कॅब यायच्या आधी मी डोंगा मधोमध नेऊन उभा करते आणि बसते. आईनं जेवताना विचारणं बंद केलं आहे. कुंभाराचा निरोप आल्यापासून नावाडी एक शब्द बोललेला नाही, आणि तुमचा आवाज, जो मला इतका स्पष्ट ऐकू यायचा, आता मी लक्ष देऊन ऐकायला गेले तरी येत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट मी कुंभाराला सांगितली नाही, त्या फोनवरच्या मुलाला नाही, आईलाही नाही. सगळ्यांना मी म्हटलं की मला कळलंच नाही, मला ते सोंग वाटलं. तसं नव्हतं. तिनं 'मी फार थकले' लिहिलं तेव्हाच मला कळलं होतं की हे मीठवाली नाही, तिच्यामागची मुलगी बोलते आहे. माझं बोट कंसाच्या कळीवर गेलं होतं. एक कंस उमटलासुद्धा होता. मग मला वाटलं, आता मी माझ्या आवाजात बोलले तर या चौघांसमोर तुम्ही पुन्हा कधी बोलू शकणार नाही. आणि मी तो कंस पुसला.