शेवटचा खिळा

कशेळे,
६ जानेवारी २०२५

ती. आबामामांस हर्षलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोन केला की ऐकू न येताच तुम्ही हो हो म्हणता. या वेळी नुसत्या हो-ने भागणार नाही, म्हणून पत्र.

दिवाळीत कर्जतची बस दर अर्ध्या तासाला सुरू झाली. आपल्या अकरा जीपचे प्रवासी निम्म्यावर आले. तुमच्या जागी मला जीप संघटनेची अध्यक्ष केलं तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. आता सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी नियम केला, की गाडी भरायची वाट बघायची नाही, वेळेवर सुटायचं. सांगणाऱ्याने आधी करून दाखवावं म्हणून स्टँडवर ज्या फळीवरच्या बिल्ल्यांच्या क्रमाने गाड्या सुटतात, तिच्या पहिल्या खिळ्याला माझा बिल्ला लावला. पहिल्या बसच्या आधीची तेवढी एकच गाडी भरून जाते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आपल्या गजा ड्रायव्हरच्या आलं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, ताईंनी खुर्ची घेतली ती खिडकीजवळची.

आता तो पाचजणांना घेऊन खालापूरच्या कारखान्यांचे कामगार ने-आण करायला जायचं म्हणतो. सहा गाड्या गेल्या तर उरलेल्यांना डोंगरावरच्या वाडीची शेवटची फेरी जमणार नाही. काल भागूबाईने विचारलं, शेवटची गाडी नाय आली तर बाजाराची टोपली घेऊन मी वाडीवर कशी चढू. रविवारी बैठक आहे. तुमची संघटना माझ्या हातून मोडेल असं वाटतं.

मामींना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
हर्षला


खालापूर,
९ जानेवारी

चि. हर्षला हिस आबामामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या अक्षरापेक्षा तुझं गाडी चालवणं बरं.

आबाजी वीस वर्षं शेवटचा नंबर घ्यायचे, भरल्या गाड्या इतरांना देऊन रिकामी जीप वाडीवर न्यायचे, असं तुला तिथे सगळे ऐकवत असतील. खरं काय ते तुझ्या मामीशिवाय कोणाला ठाऊक नाही. माझी जुनी जीप सकाळी चालूच व्हायची नाही. ढकलून ढकलून स्टँडवर आणेपर्यंत सगळे बिल्ले लागलेले असायचे. लोक त्याला मोठेपणा म्हणाले. मी म्हणू दिलं.

पुढे नवी जीप घेतली. पहिल्या दिवशी सर्वांआधी पोचलो. पहिला खिळा मोकळा होता. हात वर नेला आणि मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे दिसले. बिल्ला शेवटी लावला. माझा म्हणावा असा मोठेपणा त्या दिवसापासूनचा.

बसचं काय करायचं, मला माहीत नाही. तुझा वेळेचा नियम चांगला आहे, सोडू नको. गजा रागावलेला नाही, घाबरलेला आहे. नव्या गाडीला वर्ष झालं नाही त्याच्या, हप्ते डोक्यावर आहेत. बिल्ला कुठे लावायचा ते मी सांगणार नाही.

मामी विचारते, जेवतेस ना वेळेवर. पुढचं पत्र मोठ्या अक्षरात लिही.

तुझा,
आबामामा


कशेळे,
१४ जानेवारी, संक्रांत

ती. आबामामांस शि. सा. नमस्कार वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. आधी तो खा, मग वाचा.

तुमचं गुपित मी फोडलं. बैठकीत बोलायला काही सुचेना, म्हणून तुमचं पत्रच वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले. मग पहिल्या खिळ्याची चूक माझी, असं मी सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. गजा उठून गेला.

सोमवारी मी बिल्ला शेवटी लावला. भागूबाई आणि आणखी दोघं, एवढ्यांनाच घेऊन मी वाडीवर गेले. तिने उतरताना तुमची चौकशी केली. त्याच दिवशी दोन गाड्या खालापूरला गेल्या. त्यांना मी अडवलं नाही. बस तशीच भरून जाते. राहिलो नऊ.

आज फळीपाशी गेले तर शेवटच्या खिळ्यावर गजाचा बिल्ला. तो गाडी पुसत होता. मी विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, काय करू ताई, सकाळी गाडी चालूच होत नव्हती.

अकरा महिन्यांची गाडी, मामा.

मी त्याच्या आधीच्या खिळ्याला लावला.

मामींना सांगा, जेवले. असाच जीव लावा.

तुमची,
हर्षला