घरचे तांदूळ

४ मे २००३
आले एकदाची! वाशिंदच्या त्या कोंदट खोलीला रामराम ठोकला. पाण्याकाठी, सहलीच्या ठिकाणी राहायला जाताना काय काय बघावं, ते आळीतल्या प्रत्येक बाईने मला ऐकवलं. ओलीने डाळीला कीड लागते, सीझन संपला की कुत्रं फिरकत नाही, दवाखाना लांब, आधी एक पावसाळा काढून बघ आणि मग बिऱ्हाड हलव. ऐकते कोण! धरणाच्या काठावर मालकाने रिसॉर्ट काढलंय. जेवणाचं सगळं माझ्याकडे, वर राहायला दोन खोल्या. हे गेल्यापासून दिपिकाचं माहेर म्हणजे मीच. तिचं पहिलं बाळंतपण इथेच करायचं. पुढच्या महिन्यात जावई तिला मुरबाडहून आणून सोडतील. खिडकीतून नुसतं पाणी दिसतं. पोरगी हरखून जाईल.

११ मे
रविवार. होडीला ही गर्दी! भाकऱ्या थापून खांदे भरून आले. चुलीवरचं जेवण म्हणून मुंबईकर खूश. हो बाबांनो, धूर आमच्या डोळ्यांत! पण कौतुक ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इथला राखणदार धाकलू वरच्या पाड्यावर राहतो. त्याचं जुनं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात. पाहुणे त्यावर उभे राहून फोटो काढतात. त्याला ते आवडत नाही, पण पगारापुढे बोलायची सोय नाही.

२० मे
आज पाड्यावरची माणसं ढोल घेऊन खाली उतरली. पाऊस लागायच्या आत ती बुडालेलं जुनं गाव बांधतात, म्हणजे त्याची शीव देवाच्या नावाने बंद करतात. घरटी मूठभर तांदूळ सुपात जमा करायचे आणि भगताने ते शिवेभोवती टाकत फिरायचं. आमच्याकडेही बांधतात, मला काय शिकवायचं! पण यांनी तांदूळ आणले दुकानातले, प्लॅस्टिकच्या पिशवीतले. मला रागच आला. देवाला बाजारचे? मी खोलीतून डबा आणला. दिपिकाच्या बाळंतपणासाठी माहेरच्या शेतातले जुने तांदूळ जपून ठेवलेत. त्यातले पसाभर सुपात घातले आणि मोठ्याने म्हटलं, माझ्या नावाने आणि माझ्या लेकीच्या नावाने. ढोल थांबला. सगळे सुपाकडे बघायला लागले. थोड्या वेळाने भगत सूप घेऊन निघाला. बावरले असतील बिचारे.

२७ मे
सीझन आटोपला. मालक ऑफिसला कुलूप घालून कल्याणला गेला, फोन आतच. मी तेल-मीठ आणायला शहापूरला निघाले. फाट्यापर्यंत सागाच्या झाडांतून सरळ रस्ता आहे. शेंदूर फासलेला शिवेचा दगड ओलांडला आणि पाऊल पडलं ते पाण्यात. समोर धरण! पुन्हा निघाले, पुन्हा तेच. ऊन लागलं असेल. कांद्याचा रस लावून पडलेय.

२८ मे
धाकलूने मोटरसायकलवर मागे बसवलं. मी त्याचा खांदा घट्ट धरला होता. फाट्यावर पोचून त्याने वळून पाहिलं तर मागे कुणी नाही. मी इथे, काठावर. साडी गुडघ्यापर्यंत ओली.

३० मे
धाकलूची आई बाईजा आली. ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाली, घरचं तांदूळ कशाला दिलंस गो? आमी मुद्दाम दुकानचं देतो. घरचं दिलं की घर त्या गावात बांधलं जातं. ज्याच्या नावाचं दिलं त्याला शीव सोडत नाय. पाणी चढलं की गाव खाली जातं, गावचं माणूस पण जातं. तेव्हाच का नाही बोललात, म्हणून मी तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, सुपात पडलं ते देवाचं झालं. सोडवायचं कसं ते भगतालाही ठाऊक नाही.

खूप रडले. माझं जाऊ दे. दिपिका या शिवेच्या आत येता कामा नये. धाकलूला मुरबाडला पाठवलं. निरोप एकच, येऊ नको.

३ जून
खालचं एक जोतं कुणीतरी शेणाने सारवलंय. दारात सडा टाकलाय. पाड्यावरून कुणी उतरलं नाही, बाईजा शपथेवर सांगते.

५ जून
घाटात पाऊस लागलाय. पाणी चढतंय. त्या जोत्यावर आता दोन खांब. मध्ये बाळाची झोळी. रिकामी. वारा नाही, तरी हलते.

६ जून
धाकलू आज परत आला, गाडी बिघडून वाटेत अडकला होता. दिपिका म्हणे हसली — आई येऊ नको म्हणते म्हणजे आई आजारी आहे, लपवते आहे. माझीच पोरगी! मीही हेच केलं असतं. उद्या ती तिकडून निघतेय. देवा, तिला कसं सांगू —

७ जून
सकाळपासून वही घेऊन शिवेच्या दगडाशी बसलेय. आतल्या बाजूला. पाणी मागे मागे आलंय, खोल्या गेल्या. एवढं वर कधी येत नाही म्हणतात.

जीप थांबली. धाकलू तिला आडवा आला. तिने त्याला बाजूला सारलं — पोट सावरत येतेय — हाका मारतेय —

परत जा म्हटलं. घसा फुटला. ऐकत नाही.

दगड मारला. पोटच्या पोरीला. लागला तिला. खांद्याला. बसली मटकन. रडतेय. जा ना गो —

कमरेपर्यंत पाणी. तिला ते दिसलं.

उठली — धाकलू धर तिला — दुसरा दगड सापडत ना — दिपे — दिपे पाऊल मागे घे, मागे —