आकारामचा सीपीयू

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज पोत्यात बांधलेला सीपीयू आला. कवठे महांकाळहून, एसटीनं, एका मुलीच्या मांडीवर बसून! मलकापुरातल्या माझ्या या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात आजवर सगळं आलं, पोतं पहिल्यांदाच.

सुतळी सोडली आणि ओळखलं. पिवळा पडलेला डबा, पुढे मीच चिकटवलेला गणपती. आमच्या कॉम्प्युटर क्लासचं मशीन. आमच्या म्हणजे माझ्या आणि आकारामच्या. तेवीस वर्षांत ज्याचं तोंड पाहिलं नाही, तो आकाराम!

मुलगी त्याचीच. क्रांती. म्हणाली, "काका, दिवाळीनंतर माझं लगीन हाय. तुमाला पत्रिका द्यायची हुती. पप्पा म्हनले, पत्रिका देऊ नको, काम दे. चालू झालं तर त्यानं सोता फोन करायचा. मग पत्रिका."

वा! लग्नाच्या जेवणाआधी प्रवेशपरीक्षा!

ठेवून घेतलं. भंगारवाल्याला हाक मारणार होतो, पण बघायचंच आहे एकदा — त्या विद्वानानं नेमकं काय जाळलं होतं ते.

११ सप्टेंबर

वहीला सांगायला हरकत नाही. साल २००२. त्रेचाळीस मुलं, चार मशीन. हे मुख्य, सगळ्यांचे मार्क यात. आकारामचा बाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारा, आणि हा कॉम्प्युटर शिकून आलेला. हुशार होता, नाही म्हणत नाही. पण व्यसन एकच — स्क्रूड्रायव्हर. चालू मशीनसुद्धा उघडायचा. "आतनं कसं हाय बगू की!"

ऐन दसऱ्यात मशीन मेलं. स्क्रूड्रायव्हर कुणाच्या खिशात? मी दोन शब्द बोललो. साहेबांना लागले. वाटणीत हेच मेलेलं मशीन मागून घेतलं आणि गेले गावाला. महिन्याभरात क्लासला कुलूप. दोन शब्दांवरून!

१२ सप्टेंबर

दिवसभर लाइट नाही. आकारामचं नशीब.

१५ सप्टेंबर, सोमवार

उघडलं. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी, पट्टीवर आकारामची सही आणि तारीख — १५-१०-०२. सील! जशी काही मतपेटीच.

आत धूळ होती, समजू शकतो. मेलेलं झुरळ होतं, तेही समजू शकतो. पण कुंकू? फ्लॉपीच्या फटीत अक्षता! मदरबोर्डच्या एका कोपऱ्यावर हिरवट थर, त्याचा ओघळ थेट रॅमच्या खाचेपर्यंत.

म्हणजे साहेब दरवर्षी मढ्याची पूजा करत होते! हसत हसत मायाला बोलावून दाखवलं. आमची ही काही हसली नाही. म्हणाली, "आवं, पन सील तर तवाचंच हाय न्हवं?"

हिला नको तिथे बरं दिसतं.

१६ सप्टेंबर

क्रांतीला सहज फोन केला. "पूजा? न्हाई वो काका. पोत्यात बांधून माळ्यावर हुतं. पप्पा आमाला हात लावू द्यायचे न्हाईत."

बॅटरी गळली असणार. ओघळ बॅटरीचाच. विषय संपला.

१९ सप्टेंबर

बॅटरी काढली. कोरडी ठणठणीत. विषय संपला नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन दोन तास घासत बसलो. रॅमचे पाय खोडरबरनं पुसले — याहून भारी औषध अजून कुणी काढलेलं नाही. पॉवरचे दोन कनेक्टर बसवताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींशेजारी. चुकलं की धूर. हे मला आकारामनं शिकवलं होतं. क्लासमध्ये मात्र मी ते माझं म्हणून शिकवायचो.

बटण दाबलं. लांब शिट्टी, परत लांब शिट्टी. म्हणजे रॅम सापडत नाही. काढली, घासली, लावली. चौथ्या खेपेला एकच छोटी शिट्टी! पन्नाशी उलटलेला माणूस एका शिट्टीवर टाळी वाजवतो — बरं, दुकानात कुणी नव्हतं.

स्क्रूड्रायव्हरचा मात्र एक ओरखडा नाही. भिंग लावून शोधला. अगदी मनापासून शोधला.

२६ सप्टेंबर

चालू झालं! मशीनच्या मते आज १ जानेवारी १९८०. बरं आहे, तेव्हा आमचं भांडण व्हायचं होतं.

हार्ड डिस्क धडधाकट. त्रेचाळीस मुलांचे मार्क जागच्या जागी. शेवटची फाइल १४-१०-०२, सकाळी नऊची. उघडली. क्लासच्या दारावर लावायला मीच टाइप केलेली:

'सूचना. आज खंडेनवमी. सकाळी अकरा वाजता मशीनची पूजा होईल. नारळ — कृष्णात सर. सर्वांनी यावे.'

कृष्णात सर म्हणजे मी.

मग आठवलं. दारात नारळ फोडला. पाणी आधी माझ्या नव्या मोटारसायकलवर शिंपडलं. उरलेलं आत येऊन या डब्यावर — हौसेनं, मूठभर कुंकू-अक्षतांसकट, थेट वरच्या जाळीतून! मुलांनी टाळ्या वाजवल्या. आकाराम म्हणत होता, "आरं गड्या, बास, बास." मला वाटलं, याला माझी गाडी बघवत नाही.

दुपारच्या बॅचला मशीन मेलं.

तेवीस वर्षं मी त्याचा स्क्रूड्रायव्हर लोकांना रंगवून सांगितला. लाज वाटते.

२९ सप्टेंबर

फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला, ठेवला. एका दिवसात चार प्रिंटर दुरुस्त केले. कामाचा केवढा हा उत्साह!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

फोन केला. म्हणालो, "चालू झालं. पाणी मीच वतलं हुतं."

आकाराम म्हणाला, "दसऱ्याला उघडलं तवाच कळलं मला. दुसऱ्या दिवशी तेच सांगाय येत हुतो. जिन्यात हुतो, तवर तू वरनं पोरांम्होरं म्हनलास..."

पुढचं मीच बोललो. या वहीतही चोरलं होतं, आज लिहितो. दोन शब्द नव्हते, तीन होते — "जा, मेंढरं राख."

"चुकलं माझं, आकाराम," म्हणालो.

तो म्हणाला, "क्रांतीला पत्रिका घिऊन धाडतो. ये. पन नारळ आणू नको."