विचारणारा क्रमांक ४११७

मंगळवार, १८ नोव्हेंबर
वाचनकक्ष, संध्याकाळी साडेपाच

दादा,

अधिष्ठाता नववा प्रश्न मोठ्याने वाचत होते आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहात साखर ढवळत होते. शेवटच्या दोन शब्दांवर माझा चमचा थांबला. बैठक पुढे चालू राहिली.

नमस्कार राहिला. नमस्कार. मी बरी आहे. वहिनीला सांग, मोजे पोचले. डावा जरा मोठा आहे, पण पायही काही सारखे नसतात.

आधी कामाचं लिहिते. तीन महिने आम्ही ग्रंथालयात ऑनलाइन मदतीची खिडकी चालवली. कॉलेजातले आणि इथून शिकून गेलेले डॉक्टर संगणकावरून प्रश्न टाकतात, आम्ही पाचजण आळीपाळीने उत्तर शोधून देतो. अशा मदतीला मागणी खरोखर आहे का, हे मोजून सांगायचं काम माझ्याकडे आलं. नसेल तर खिडकी बंद.

चारशे बारा प्रश्न छापून घेतले आणि त्यांचे ढीग लावले. सर्वांत मोठा ढीग पासवर्ड विसरलेल्यांचा. दुसरा, ग्रंथालय किती वाजता बंद होतं. एकाला आपली छत्री हवी होती. एकाने उद्याच्या पेपरात काय येईल असं विचारलं, तर आमच्या चष्मेवालीने उत्तर दिलं, ‘प्रश्न.’ तिला मी रागावले. तोंड दुसरीकडे करून.

ज्यांना खरोखर माणूस लागतो असे प्रश्न साठसुद्धा भरले नाहीत. त्यांतले अकरा एकाच विचारणाऱ्याचे. आम्हाला नाव दिसत नाही, क्रमांक दिसतो. ४११७, माजी विद्यार्थी. अकराही माझ्याच पाळीत आले, सोमवारी किंवा बुधवारी, सकाळी.

नेमकं विचारायचा. हाताच्या कंपाचे प्रकार. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्यांचे हात कसे तपासतात. कंप एकाच हाताला असेल तर पुढे काय. कोणीतरी संशोधन करतंय, असं मी धरून चालले. मला ४११७ आवडायला लागला होता. इतर दिवशी छत्र्या आणि पासवर्ड, त्यात हा. त्याचा नववा प्रश्न मी उत्तरासकट अहवालाला जोडला. वर लिहिलं, ‘आदर्श संवाद’.

आज अधिष्ठात्यांनी तो वाचून दाखवला. ते नाटकात काम करायचे म्हणे, वाचतात छान. “गोळी घेतल्यावर कंप किती वेळाने उतरतो आणि किती तास दबलेला राहतो? सरासरी नको, आकडे हवेत. घाई नाही.”

आणि मान वर करून म्हणाले, “बघा! हा आपला माणूस. अशांसाठी खिडकी हवी. बाई, तुम्ही सोनं शोधलंत.”

चष्मेवाली माझ्या कानाशी लागली, “अभिनंदन. आता मला पुन्हा रागवायला मोकळ्या.” मी हसले असावे. चहा बशीत सांडला होता.

घाई नाही. पडद्यावर मी ते अकरा वेळा वाचलं होतं, आणि ते मला कोणाचंच वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं आणि कळलं. वसतिगृहातून तू आईला लिहायचास: निळा स्वेटर पाठव, घाई नाही. फी भरायची तारीख जवळ आली आहे, घाई नाही. आई पत्र वाचून उठायचीच. “कुडकुडतोय तो,” म्हणायची, आणि संध्याकाळच्या आत पार्सल बांधून व्हायचं.

पण हे शब्द कोणीही लिहील. कोणाचीही सवय असेल. क्रमांकांपुढे नावं असलेलं रजिस्टर मागच्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे. विचारणारा कोण, हे शोधायचं नाही, हा आमचा पहिला नियम. नव्या माणसाला मीच तो शिकवते. मी कपाट उघडलं नाही.

गेल्या वेळी आलास तेव्हा तू सबंध जेवण डाव्या हाताने वाढून घेतलंस. मी म्हटलं, “उजवा काय गहाण टाकलास का?” तू म्हणालास, “विश्रांती देतोय त्याला. त्याला कमावतं माणूस म्हणून मान नको का?” वहिनी हसली, मीही हसले. निघताना पिशवीची गाठ तू मला बांधायला दिलीस. तू, ज्याने पलंगाच्या पायाला दोरा बांधून बांधून एका हाताने गाठ मारायला शिकून घेतली होती आणि मी दहा वर्षांची असताना मला शिकवली होती. मी गाठ बांधली आणि तुला खिजवलं की आता माझी तुझ्यापेक्षा चांगली बसते.

दादा, वर मी खोटं लिहिलं. कपाट उघडलं. बैठक संपल्यावर लगेच. ४११७ पुढे तुझं नाव आहे, तुझ्या त्या जुन्या सहीसकट.

आता जे लिहायचं नव्हतं ते. नवव्या प्रश्नाचं उत्तर मी चाळीस मिनिटांत दिलं. चार लेख काढले, त्यांतले आकडे एका तक्त्यात मांडले. किती वाजता गोळी घेतली तर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हात स्थिर. तुला वाचायला सोपं जावं म्हणून रंगही दिले. खाली लिहिलं, ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ तू लिहिलंस, ‘उत्तम. हेच हवं होतं.’ आणि पाच तारे दिलेस. ते तारे बघून मी त्या दिवशी चष्मेवालीला कॉफी पाजली.

त्यानंतरच्या रविवारी वहिनी फोनवर म्हणाली, “हल्ली ह्यांचं काय चाललंय कोण जाणे. शुक्रवारी पहाटे उठतात, पहिली केस आठलाच घेतात, अकरा वाजता सगळं आवरून घरी. म्हातारपणी शिस्त आली बघ.” मी म्हटलं, चांगलंच आहे की. आठ ते अकरा. माझ्या तक्त्यात तो हिरवा पट्टा आहे.

तू माणसांच्या डोळ्यांत हत्यार घालतोस, दादा. माझ्या हिरव्या पट्ट्यावर विसंबून.

शुक्रवारच्या ऑपरेशनच्या यादीत किती नावं आहेत मला माहीत नाही. एकही घेऊ नकोस. हे मी ग्रंथालयातून सांगत नाही. पुरावा मागू नकोस, या वेळी माझ्याकडे लेख नाहीत. फोन केला असता तर तू “काही नाही गं” म्हणून वहिनीच्या हातात दिला असतास, म्हणून लिहिते आहे. उद्या कुरियरने टाकलं की गुरुवारी तुझ्या हातात. शुक्रवारपर्यंत तू काही केलं नाहीस, तर तुझ्या रुग्णालयात मी स्वतः येऊन सांगेन. तू मला कधीच माफ करणार नाहीस. चालेल.

एक कळत नाही. सोमवार-बुधवारची सकाळ माझी असते, हे तुला ठाऊक आहे. मग तू ग्रंथालयाला विचारत होतास की मला?

तुझ्या अकरा प्रश्नांची उत्तरं देणारी, आणि एकही प्रश्न न विचारलेली,
बारकी

बुधवार, सकाळी सव्वादहा

पाकीट चिकटवायच्या आधी हे घालते आहे. नऊला खिडकी उघडली. नऊ वाजून चार मिनिटांनी ४११७ चा बारावा प्रश्न आला. ‘सर्जनने आपली यादी सहकाऱ्याकडे सोपवताना रुग्णांना काय सांगावं, यावर काही साहित्य आहे का? घाई नाही.’

उत्तराखाली आम्ही पाळीचा क्रमांक लिहितो. मी लिहिलं, ‘शोधते. — बारकी.’

अकरा मिनिटं पडद्यावर ‘लिहीत आहे’ असं येत राहिलं आणि जात राहिलं. मग आलं, ‘शुक्रवारची यादी काल संध्याकाळी देऊन टाकली. सोमवारी हात दाखवायला जायचं आहे. वहिनीला अजून माहीत नाही. तू येशील का?’

या वेळी पुढे ते दोन शब्द नव्हते.

मी ‘येते’ लिहिलं आणि रजेचा अर्ज ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवला.